हॅवलॉकला कोणता बीच घ्यायचा? आधी वारं कुठून येतंय ते पाहा

चोपड्याच्या एका दादांनी विचारलंय, जूनच्या पहिल्या आठवड्यात ९ जण अंदमानला चाललोय, सोबत ६८ वर्षांची आई आणि ६ आणि ९ वर्षांची दोन पोरं, सगळ्यांनी सांगितलं हॅवलॉक बेटावरचा राधानगर बीच सगळ्यात भारी म्हणून तिथलंच हॉटेल पाहतोय, पण मावसभाऊ डिसेंबरमध्ये गेला होता त्याच्या फोटोत समुद्र ताटातल्या पाण्यासारखा दिसतो आणि ऑफिसमधला एक जण मागच्या वर्षी जूनमध्ये गेला तर लाल झेंडा लागलेला, पाण्यात पाय पण घालू दिला नाही. मग खरं काय आणि पोरांना पाण्यात खेळवायचं तर जायचं कुठं.

दादा, दोघंही खरं सांगतायत. बीच तोच, वारं वेगळं. आणि हाच मुद्दा मला नीट सांगायचाय कारण दरवर्षी मे-जूनमध्ये आपल्याकडची माणसं हीच चूक करतात, जळगावात बसून बीच ठरवतात, हॉटेल त्याच बीचवर घेतात आणि मग चार दिवस बाल्कनीतून लाटा पाहत बसतात. बेटावर जायचा मोठा फायदाच हा की बेटाला चारही बाजू असतात. एका बाजूला समुद्र खवळलेला असला तरी बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला पाणी शांत सापडतं, फक्त ती बाजू कोणती हे आधी कळायला पाहिजे.

मी मूळचा यावल तालुक्यातला, घरी केळी. हॅवलॉकला एका डाईव्ह शॉपवर ६ सिझन काम केलं आणि त्यानंतर ११ वर्षं झाली जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे ग्रुप घेऊन जातोय. समुद्राचं पुष्कळसं ज्ञान तिथल्या बोटवाल्यांकडून मिळालं पण वाऱ्याचं पहिलं शिक्षण केळीच्या बागेतच झालं. आपल्याकडं बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी लावतात, गजराज गवत लावतात, काही जण हिरवी नेट बांधतात. का? तर उन्हाळ्यात पश्चिमेचं गरम वारं पानं फाडतं आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, वादळ सुटलं की घड लागलेली बाग एका रात्रीत झोपते. शेवरीच्या आडची झाडं उभी राहतात. आता शेवरीच्या जागी हॅवलॉकच्या मधल्या जंगलाच्या टेकड्या ठेवा आणि केळीच्या जागी समुद्राचं पाणी ठेवा, झालं, तेच गणित. शाळेच्या भूगोलात वातविन्मुख बाजू म्हणून जे घोकलं होतं ते हेच, सह्याद्रीच्या अलीकडं पाऊस धो धो आणि पलीकडं आपल्याकडं कमी, म्हणजे आपण खान्देशवाले तर जन्मापासून आडोशालाच राहतोय.

वाऱ्याचा आडोसा कुठपर्यंत पोचतो हेही बागेतच दिसतं. कुंपणाच्या उंचीच्या साधारण १० ते १५ पट अंतरापर्यंत चांगला फरक जाणवतो, पुढे वारं परत जमिनीला टेकतं. समुद्रावर ही जागा डोळ्यांनी दिसते. किनाऱ्यालगत पाणी गुळगुळीत, मग थोड्या अंतरावर पाण्याचा रंग गडद होतो, बारीक सुरकुत्या दिसतात, त्याच्या पुढे लाटांचे पांढरे तुरे सुरू होतात. ती जी गडद रेघ आहे ना, तिथं तुमचा आडोसा संपला. पोरांना त्या रेघेच्या फार अलीकडं ठेवायचं, हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावर परत येतो.

आता अंदमानचं वारं. वर्षाचे ढोबळ तीन भाग करा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मान्सून अंदमानच्या समुद्रात पोचतो, केरळच्याही आधी, आणि तिथून साधारण सप्टेंबरपर्यंत, कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वारं नैऋत्येचं, म्हणजे दक्षिण-पश्चिमेकडून येणारं. नोव्हेंबर ते जानेवारी वारं उलटं फिरतं, ईशान्येकडून येतं. आणि फेब्रुवारी ते एप्रिल वारं नरम, कुठल्याही बाजूला जा, पाणी बहुतेक शांतच. राधानगर हॅवलॉकच्या पश्चिम बाजूला आहे. मावसभाऊ डिसेंबरमध्ये गेला तेव्हा ईशान्येचं वारं, अख्खं बेट राधानगरच्या पाठीशी भिंतीसारखं उभं, म्हणून ताटातलं पाणी. ऑफिसवाला जूनमध्ये गेला तेव्हा नैऋत्येचं वारं थेट तोंडावर, पुढे अडवायला काही नाही, म्हणून लाल झेंडा. बीच तसाच सुंदर आहे, त्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित बीचचं आंतरराष्ट्रीय मानांकन पण मिळालं, वाळू पिठासारखी, मागे मोठमोठी झाडं. पण जूनमध्ये तो बघायचा बीच आहे, डुंबायचा नाही.

आणि जूनमध्ये पूर्वेची बाजू, म्हणजे गोविंदनगर, विजयनगर, ज्याला लोक ३ नंबर आणि ५ नंबर म्हणतात, आणि खाली काला पत्थर, ही सगळी आडोशाला. मी जूनमध्ये राधानगरला ग्रुपला घेऊन उभा राहिलोय, बोलायला ओरडावं लागत होतं एवढा लाटांचा आवाज, आणि तिथून १२ किलोमीटरवर विजयनगरला आलो तर पाणी हिरवंगार आणि नारळाची सावली पाण्यात दिसतेय. एकाच दिवशी, एका तासात. लोकांना पटतच नाही हे.

नावं बदललीत तेही सांगून ठेवतो म्हणजे तिकीट काढताना गोंधळ नको. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोलताना लोक जुनीच नावं घेतात म्हणून मीही इथं जुनीच वापरतोय.

मोबाईलवर वारं बघताना एक चूक सगळे करतात. वाऱ्याची दिशा म्हणजे ते कुठून येतं ती, पश्चिमेचं वारं म्हणजे पश्चिमेकडून आलेलं, हे आपल्या बोलीतही तसंच आहे. पण ॲपमध्ये जो बाण असतो तो बऱ्याचदा वारं कुठं चाललंय ते दाखवतो, म्हणजे अक्षरं सांगणार नैऋत्य आणि बाणाचं टोक असणार ईशान्येकडं. माणूस बाण पाहून नेमका उलटा बीच निवडतो. समुद्राच्या प्रवाहाचं तर आणखी वेगळं, प्रवाह जिकडं जातो त्या दिशेनं त्याचं नाव. म्हणून पहिल्या दिवशी जेट्टीवर उतरलात की ॲप उघडा आणि समोरच्या झेंड्याशी ताडून पाहा, एकदा डोक्यात बसलं की बसलं. झेंडा नसेल तर चहाच्या टपरीचा धूर पाहा, नारळाच्या झावळ्या कुठं ओढल्या जातायत ते पाहा. तेही नसेल तर वाऱ्याकडं तोंड करा आणि मान हळूहळू फिरवा, दोन्ही कानांत सारखा आवाज यायला लागला की नाकासमोरून वारं येतंय. माझी आजी खळ्यावर उपणायला उभी राहायची तेव्हा आधी मूठभर भुसा वर सोडायची आणि म्हणायची, वारं कुठून येऊन राह्यलं ते पाहा, मग टोपलं उचला. बीचवर मी आजही मूठभर कोरडी वाळू सोडून पाहतो.

किती वारं चालतं? समुद्राचं वारं नॉटमध्ये सांगतात, १ नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर ताशी, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट करा की किलोमीटर आले. ७ ते १० नॉटला कुठं कुठं पांढरे तुरे दिसायला लागतात. ११ ते १६ नॉट, म्हणजे २० ते २८ किलोमीटर ताशी, इथं तुरे बऱ्यापैकी सगळीकडं, उघड्या बाजूच्या बीचवर पोरांना पाण्यात सोडायचं नाही. १७ च्या वर गेलं की मी उघड्या बाजूला मोठ्यांनाही गुडघ्याच्या पुढं जाऊ देत नाही. जूनमध्ये तिकडं १५-२० नॉट सहज असतं. साक्रीकडं ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या, ज्यांनी तिथं माथ्यावर उभं राहून शर्ट फडफडताना पाहिलाय त्यांना २० नॉट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला खरंच काळजीने सांगायचंय कारण आडोशाचा बीच सांगितला की लोक निर्धास्त होतात. आडोशाच्या बीचवर वारं जमिनीकडून समुद्राकडं वाहतं. पाणी शांत दिसतं, लाट नाही, आई-बाप वाळूवर निवांत बसलेत, आणि पोरगं हवा भरलेल्या ट्यूबवर बसलंय. ते हळूहळू बाहेर चाललंय हे कोणाला कळतच नाही, कारण किनाऱ्यालगत झाडांच्या आडोशाला वारं लागत नाही आणि मघाशी सांगितली ती गडद रेघ आली की एकदम लागतं. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला तर ढकलणं चौपट. ५ नंबरला एकदा जूनमध्येच आमच्या ग्रुपमधलं ८ वर्षांचं पोरगं फ्लेमिंगोच्या ट्यूबवर असंच गेलं, मी फक्त चहा घ्यायला वळलो होतो. बापाला पोहता येत होतं, विहिरीत पोहून शिकलेला तगडा माणूस, तो मागे गेला पण ट्यूब त्याच्यापेक्षा जोरात पळत होती. नशीब, काठावर एक डोंगीवाला जाळं आवरत होता, त्यानं इंजिन मारलं आणि दोघांना आणलं. १० मिनिटांचा खेळ होता सगळा. त्या दिवसापासून माझ्या ग्रुपमध्ये आडोशाच्या बाजूला ट्यूब, हवेची गादी, असलं काहीच पाण्यात जात नाही, घरून आणलं असलं तर हवा काढून बॅगेत. लाईफ जॅकेट घाला, त्याला वारं धरत नाही कारण ते पाण्यात बुडालेलं असतं. आणि एवढं करून पोरगं बाहेर जायला लागलंच तर त्याला ओरडून सांगा की ट्यूब सोडू नको, उतरू नको, आणि पळत जाऊन बोटवाल्याला धरा, स्वतः पोहत मागे जाऊ नका.

विहिरीत पोहणाऱ्यांना एक विनंती आहे. आपल्याकडं विहीर, पाटचारी, फार तर तापी, इथं शिकलेले आपण सगळे, दम चांगला असतो पण लाटेची सवय नसते. विहिरीत थकलं की कपारीला हात लावता येतो. समुद्रात वारं आणि प्रवाह तुम्हाला उभं राहू देत नाही. जोर असलेल्या माणसालाच जास्त फाजील भरवसा येतो, हे मी खूपदा पाहिलंय.

आता कधी कधी असं होतं की वारं बरोबर बघितलं, आडोशाची बाजू बरोबर निवडली आणि तरी लाटा येतायत. लोक म्हणतात भाऊ तुमचा हिशोब चुकला. हिशोब चुकत नाही, लाटा दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे इथल्या इथल्या वाऱ्याने उठवलेली, ती आखूड, दर ४-६ सेकंदाला येणारी, ओबडधोबड, आणि वारं किती लांबून मोकळ्या पाण्यावरून येतंय त्यावर ती मोठी होते. हिच्यापासून बेट चांगलं वाचवतं. दुसरी म्हणजे दूर कुठंतरी वादळ झालं आणि तिथून हजारो किलोमीटर चालत आलेली लाट, तिला स्वेल म्हणतात, दर १२-१५ सेकंदाला एक, दिसायला गोल आणि शांत, इथं वारं शून्य असलं तरी येते. ही लाट उथळ पाण्यात वळते, बेटाच्या टोकाला वळसा घालून आडोशाच्या बाजूलाही थोडी शिरते. केरळात तिला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, आकाश निरभ्र असताना पाणी घरात शिरतं. हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे, ती समुद्राचा अंदाज आणि उंच लाटांचा इशारा देते, अंदमान-लक्षद्वीपसाठी पण देते, फुकट आहे, निघायच्या आदल्या रात्री तो पाहायचाच. ॲपमध्ये लाटेची नुसती उंची पाहू नका, किती सेकंदाची आहे ते पाहा. एक मीटरची ५ सेकंदाची लाट आणि एक मीटरची १४ सेकंदाची लाट यात फार फरक आहे, दुसरीत पाणी जास्त असतं आणि किनाऱ्यावर आल्यावर ती उंच होते, म्हाताऱ्या माणसाचे पाय सहज उचलते.

म्हणून टोकाजवळचा बीच आणि खाडीच्या आतला बीच यात मी नेहमी आतला घेतो. टोकाला वारंही वळून जोरात लागतं आणि लाटही वळते. दोन टेकड्यांच्या मधे खिंड असली तर त्या खिंडीतून वारं नळीसारखं सुटतं, नकाशावर आडोसा दिसतो आणि उभं राहिलं तर टोपी उडते. असल्या जागी दोनशे-तीनशे मीटर बाजूला सरकलं की फरक पडतो, बीच बदलायची गरज नसते.

भरती-ओहोटी. अंदमानच्या पूर्वेच्या बाजूला हा मोठा विषय आहे. तिकडं उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी जवळजवळ दोन मीटर वरखाली होतं आणि विजयनगर, काला पत्थर हे उथळ बीच आहेत, ओहोटीला पाणी पार लांब जातं, मधे दगड आणि मेलेलं कोरल उघडं पडतं, पाय कापतात. म्हणजे आडोसा बरोबर, वेळ चुकीची, असं झालं की पोरं रडतात आणि बायको म्हणते यापेक्षा हतनूरचं बॅकवॉटर बरं होतं. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास, हा पूर्वेच्या बाजूचा पाण्यात उतरायचा टाईम. भांगाच्या भरतीच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी वरखाली होतं तेव्हा, हा त्रास कमी. हॉटेलवाल्याकडे भरतीचा तक्ता असतो, नसेल तर जेट्टीवर कोणालाही विचारा. रबरी बूट किंवा जुने कॅनव्हास शूज पोरांच्या पायात हवेतच.

दिवसाच्या वेळेचं पण असतं. ऊन तापलं की जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून वारं येतं, खारे वारे, रात्री उलटं, मतलई वारे. मोठ्या जमिनीजवळ हे जोरात असतं, छोट्या बेटावर कमी, आणि मान्सूनच्या जोरात तर कळतही नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी २-३ ला खडबडतं ते बहुतेक यानेच. अंदमानात जूनमध्ये पहाटे ५ च्या सुमारास उजाडतं, घड्याळ आपलंच पण सूर्य त्यांचा लवकरचा, त्यामुळं ७ ला पाण्यात असायला काही अडचण नाही. आपल्याकडची मंडळी ११ ला नाश्ता आटोपून निघतात आणि मग म्हणतात समुद्र खराब होता.

आडोशाच्या बाजूचे काही तोटे पण आहेत. वारं नसलं की संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, आठवडाभर खाज जात नाही, खोबरेल तेल पायांना चोपडून बसायचं किंवा सरळ सूर्य मावळायच्या आत उठायचं. नारळाखाली चटई टाकायची नाही, वारं असो नसो. आणि मगर. हे घाबरवायला नाही सांगत. शांत पाणी, खारफुटी, ओढा समुद्राला मिळतो ती जागा, माणसाला आडोशाची वाटते तशी खाऱ्या पाण्यातल्या मगरीलाही आवडते. २०१० मध्ये राधानगरच्या शेजारच्या कोव्हमध्ये, म्हणजे छोट्या खाडीत, एका परदेशी पर्यटक बाईचा मगरीने जीव घेतला होता. जिथं मगरीची पाटी आहे, जिथं पाणी गढूळ आहे, जिथं ओढा आहे, तिथं आडोसा कितीही छान असला तरी नाही. लाईफगार्ड आणि गावातली माणसं पोहतात तीच जागा.

उघड्या बाजूला रिप करंटचा धोका जास्त असतो तेही थोडक्यात सांगतो, लाटा सगळीकडं फुटतायत आणि मधेच एक पट्टा गप्प आहे, पाणी थोडं मातकट आहे, लोकांना वाटतं इथं शांत आहे, इथंच उतरू. तिथूनच पाणी परत समुद्रात ओढलं जात असतं. सापडलात तर किनाऱ्याकडं जोर लावू नका, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याच्या बाहेर पडा, नाहीतर नुसतं तरंगत हात वर करा.

लक्षद्वीपचं गणित वेगळं आहे आणि बरेच जण आता तिकडं जायचं म्हणतात म्हणून सांगतो. तिथली बेटं सपाट, समुद्राच्या वर जेमतेम काही मीटर, टेकडी नाहीच, म्हणजे वाऱ्याला अडवायला फक्त नारळ. तिथं आडोसा देतं ते कोरलचं कडं. बहुतेक बेटांवर लगून पश्चिमेच्या बाजूला आहे आणि बाहेरच्या लाटा त्या कड्यावर फुटतात, आत कमरेएवढं निळं पाणी. म्हणजे वारं लागत असतं पण लाट लागत नाही, अंदमानच्या पूर्व बाजूपेक्षा हा वेगळा अनुभव. पूर्वेच्या बाजूला किनारा अरुंद आणि खडबडीत. पावसाळ्यात तिकडं जायचा विचारच करू नका, ऑक्टोबर ते एप्रिल बरं.

बाकी ठिकाणं एका दमात. थायलंडला आपल्याकडचे ग्रुप मे-जूनमध्ये फुकेट घेतात कारण पॅकेज स्वस्त असतं, ते स्वस्त असतं याचं कारणच नैऋत्येचं वारं, पाटोंग, कारोन, काता हे सगळे पश्चिमेला तोंड केलेले, लाल झेंडे लागतात, दरवर्षी माणसं बुडतात. त्याच महिन्यांत पलीकडच्या आखातातलं सामुई शांत असतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बरोबर उलटं. श्रीलंकेत डिसेंबर ते मार्च दक्षिण-पश्चिम किनारा, उनावटुना वगैरे, आणि मे ते सप्टेंबर पूर्वेचं त्रिंकोमाली, निलावेली. मॉरिशसला वर्षातला बराच काळ आग्नेयेचं वारं, जून ते सप्टेंबर जास्त जोरात, म्हणून म्हातारी माणसं सोबत असतील तर पश्चिमेचं फ्लिक-आँ-फ्लाक किंवा वायव्येचं त्रू-ओ-बिश, पूर्वेचं बेल मार दिसायला सुंदर पण वारं अंगावर. आणि कोकणाचं म्हणाल तर तिथं बेटासारखी दुसरी बाजूच नाही, किनारा सगळा पश्चिमेला उघडा, म्हणून मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत मालवणकडचे वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, ते पाळायचं, कोणी गुपचूप नेतो म्हटलं तरी जायचं नाही.

आता दादा तुमचं. हॉटेल राधानगरला अजून पक्कं केलं नसेल तर करू नका, ३ नंबर किंवा ५ नंबरच्या पट्ट्यात घ्या, म्हणजे सकाळी उठून पोरं चालत पाण्यात. बुक करायच्या आधी तुमच्या तारखांना भरती कधी आहे ते पाहून घ्या, सकाळी ७ ते १० मध्ये भरती येणारे दिवस पाण्याला आणि बाकीचे फिरायला. राधानगरला एक संध्याकाळ नक्की जा, आईंना झाडाखाली बसवा, सूर्यास्त ढगांमुळे दिसेल न दिसेल पण तो लाटांचा आवाज ऐकायलाच जायचं, पाण्यात कोणी नाही. एलिफंट बीच वायव्येला आहे, अर्धा आडोशाला अर्धा उघडा, जूनमध्ये बोट बऱ्याचदा बंद ठेवतात, सुरू असली तरी ६ वर्षांच्या पोराला घेऊन उड्या मारणाऱ्या छोट्या बोटीत मी बसणार नाही. कोणी कमी पैशात नेतो म्हणालं तरी नको.

नीलला एक दिवस ठेवा. तिथं भरतपूर उत्तरेच्या बाजूला जेट्टीजवळच आहे, नैऋत्येच्या वाऱ्यात आडोशाला, उथळ, आईंनाही पाण्यात खुर्ची टाकून बसता येईल. लक्ष्मणपूर पश्चिमेला, ते ओहोटीला फक्त बघायला. सीतापूर मोकळं आहे, पोरांना घेऊन पाण्यात नको. पोर्ट ब्लेअरला पोचल्या दिवशी वेळ असेल तर कॉर्बिन्स कोव्ह, ते पूर्वेकडं आहे, पण तिथंही मगरीची पाटी आणि लाईफगार्ड काय म्हणतो ते आधी.

फेरीचं सांगायचं राहिलं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड-दोन तास, जूनमध्ये हेलकावे असतात, आईंना आणि पोरांना मधल्या भागातली, खालच्या डेकची सीट घ्या, समोरची नाही, उलटीची गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि त्या दिवशी सकाळी शेवभाजी-बिजी काही नको, कोरडी पोळी किंवा दशमी बरी. खराब हवा असली की फेरी रद्द होते, कधी अख्ख्या दिवसाची पण होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री हॅवलॉकला राहू नका, पोर्ट ब्लेअरलाच या. मागे आमच्या एका ग्रुपचं १४ जणांचं विमान असंच गेलं, नवीन तिकिटांचा खर्च सगळ्यांच्या ट्रिपपेक्षा जास्त झाला.

निघायच्या तीन दिवस आधी इथंच लिहा, तोपर्यंत वाऱ्याचा अंदाज बऱ्यापैकी पक्का झालेला असतो, तुमच्या चारही दिवसांचं वारं आणि भरती बघून कुठल्या सकाळी कोणता बीच ते सांगतो. आणि हो, फ्लेमिंगोची ट्यूब घेतली असेल तर ती घरीच राहू द्या.